डाव्या पायाची क्रीज

कापडावरच्या रेघांना आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. घडी आहे, चुणी आहे, सुरकुती, मुरड, दुमड, वळी आहे. पण मी बावीस वर्षांची असताना ज्या लाँड्रीत कामाला होते, तिथे यातला एकही शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. आमच्याकडे सगळ्याला एकच शब्द होता, क्रीज. पँटला सुरीसारखी सरळ धार हवी असली की गिऱ्हाईक म्हणायचं, क्रीज पाडा. कोट पाठीत चुरगळलेला राहिला की मुकादम ओरडायचा, क्रीज राहिलीय. तुटलेली बटणं लावणारी एक मावशी होती, तिला सगळे बटणमावशी म्हणत. ती भिंतीवरच्या आरशात बघून डोळ्यांखालच्या रेघा मोजायची. "या दोन क्रीज नवऱ्याने पाडल्या, आणि ही तिसरी आपल्या मुकादमाने."

नवी मुलगी कामाला लागली की तिचा पहिला आठवडा गोंधळात जायचा. क्रीज पाडायची की काढायची? मग माझी आई तिला टेबलापाशी उभी करून सांगायची, "दोन असतात. एक आपली, एक माणसाची. माणसाची काढायची, आपली पाडायची. झालं." आई तिथे एकोणतीस वर्षं इस्त्री करत होती. मुकादमाला लोक पाठीमागे चर्रकाका म्हणत, कारण तो इस्त्री तापली का हे थुंकी लावलेल्या बोटाने बघायचा. पण आईच्या टेबलावर येऊन त्याने कधी बोट लावलं नाही.

माणसाची क्रीज काढण्याआधी ती वाचायची, हा आमचा दुपारच्या सुट्टीतला खेळ होता. नुसत्या इस्त्रीसाठी आलेल्या कपड्यांचा ढीग एका कोपऱ्यात असायचा. धुवायला आलेल्यांत काही उरत नाही, पाणी सगळं पुसून टाकतं. या ढिगातला एखादा कोट उचलून आई म्हणायची, "हा गृहस्थ दिवसभर टेबलावर कोपर टेकून बसतो. काम करत नाही. काम करणाऱ्याची बाही मनगटापाशी मोडते."

बटणमावशी म्हणायची, "आणि खिसा बघ. बायको समोर आली की हात खिशात."

"ते तुला कसं कळलं?"

"माझ्याही घरी एक कोट आहे ना."

दादाही आमच्यातच होता. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याचा डावा गुडघा वाकत नसे. तो नऊ वर्षांचा असताना आई त्याला कामावर घेऊन यायची आणि दुपारी कपड्यांच्या गाठोड्यांवर झोपवायची. गाठोडी सरकली आणि तो वरून पडला. हाड जुळलं, सांधा जुळला नाही. बसताना तो डावा पाय लाकडासारखा पुढे ठेवायचा आणि चालताना डावा हात खिशात घालून मांडी आतून धरायचा. उभ्याने करायचं काम म्हणून आईने त्याला इस्त्री शिकवली. आईच्या खालोखाल हात त्याचाच.

शिकवताना आईचा एक नियम असे. पँट टेबलावर आली की डावा पाय आधी. डावा, मग उजवा, मग कंबर. कधीच उलट नाही आणि कधीच थांबून बघायचं नाही. "खेळ सुट्टीत. कामाला हात आधी, डोळे मागून. बघत बसलीस तर दिवसाचे साठ नग व्हायचे कधी?" माझा हातही तसाच तयार झाला होता. पँट हातात आली की डावा पाय फळीवर, ओला फडका त्यावर, इस्त्री त्यावर. यात मी कुठेच नसायचे.

दादा गेला तो एका कोटापायी. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा काळा कोट होता आणि दादाने पाठीवर इस्त्री क्षणभर जास्त ठेवली. हाताएवढा डाग पडला. चर्रकाका धावत आला, सगळी माणसं जमा झाली. आईला वाटलं असावं की आपण आधी बोललो तर मुकादम कमी बोलेल. ती म्हणाली, "पाय गेला तेव्हा डोकंही त्या गाठोड्यांवरच ठेवून आलास का?"

कुणीतरी हसलं. दादाने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, फडका पिळून दांडीवर वाळत घातला. मग डावा हात खिशात घालून तो दाराबाहेर गेला. आम्हाला वाटलं, चहा प्यायला गेला. संध्याकाळी घरी आलो तर त्याची पिशवी नव्हती.

अकरा महिने झाले. पहिले सहा महिने आईने त्याचं नावही काढलं नाही. सातव्या महिन्यात तिच्या पायांवर सूज चढायला लागली. दहाव्यात तिचं काम सुटलं. डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणाला, आणि मला जिन्यात बोलावून म्हणाला की दिवस फार नाहीत, दोन आठवडे, फार तर तीन. वर आले तर आई म्हणाली, "जिन्यात बोलला म्हणजे कळलं. आता मला एवढंच कर. त्याला आण. मला ते मागे घ्यायचंय."

"काय मागे घ्यायचंय?"

"तुला माहीत आहे काय."

मी सगळ्या इस्त्रीवाल्यांकडे फिरले. दवाखाने पाहिले, स्टेशनवर हमालांना विचारलं. डावा पाय न वाकणारा, डावा हात खिशात. लोक माना हलवायचे. आईची खाट भिंतीला लागून होती आणि दार तिच्या उजव्या हाताला. उजव्या कुशीवर तिचं खुब्याचं हाड दुखायचं, तरी ती त्याच कुशीवर पडून दाराकडे बघत असायची. जिन्यात पाऊल वाजलं की तिचा श्वास थांबायचा. मग ती म्हणायची, "दोन्ही पाय सारखे वाजतायत." आणि पुन्हा श्वास घ्यायची.

अशात एका मंगळवारी ती पँट माझ्या टेबलावर आली.

मागच्या बाजूच्या एका लॉजवरून आठवड्याला नुसत्या इस्त्रीची एक गाठ यायची. त्या दिवशी तीत एकवीस नग होते. अकरावा की बारावा असेल. करड्या रंगाची लोकरी पँट, तशा शंभर बघितलेल्या. डावा पाय फळीवर, फडका, इस्त्री, वाफ. झाला. उजवा पाय फळीवर घेतला आणि फडका ठेवता ठेवता माझा हात अडखळला. गुडघ्याच्या मागे क्रीज होत्या. नेहमीच्या दोन-तीन नव्हेत. पंखा उघडावा तशा, खोल, एकावर एक. एकाच गुडघ्यावर सगळं बसणं-उठणं काढणाऱ्या माणसाच्या असतात तशा. अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत मी दर आठवड्याला घरी ज्या काढत होते, तशा.

मी डावा पाय उलटून बघितला. गुळगुळीत. गरम. वाफ अजून निघत होती.

तो आधीपासून गुळगुळीत होता, की मी केला होता? मी आठवायचा प्रयत्न केला. एक मिनिटही झालं नव्हतं. पण मी बघितलंच नव्हतं. दादाची पँट असती तर डावा पाय गुडघ्यामागे सपाट यायला हवा होता, आणि तेवढी एकच गोष्ट मला सांगू शकणारा पाय मी माझ्या हाताने पुसून टाकला होता. मी टेबलाची कड धरली.

बटणमावशी जवळ आली. "भाजलं का?"

"नाही."

"मग तोंड का असं?"

मी तिला सांगितलं. तिने पँट हातात घेतली, डावा पाय हुंगला, जणू वासाने कळणार होतं. मग म्हणाली, "उजवा करू नकोस. गुंडाळ आणि घरी ने. ती बघेल."

कपडा बाहेर नेणं म्हणजे कामावरून जाणं. गाठ दुसऱ्या दिवशी दहाला परत जायची होती. संध्याकाळी मी पँट डब्याच्या पिशवीत कोंबली आणि वर डबा ठेवला. दारात चर्रकाका उभा होता.

"पिशवी फुगलीय."

"आईसाठी आहे काका."

तो पिशवीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तिला सांग, तिच्या टेबलावर मी अजून कुणाला उभं केलेलं नाही." आणि बाजूला झाला.

आईला मी उशांना टेकवून बसवलं. खिडकीतून अजून ऊन येत होतं. तिने पँट मांडीवर घेतली आणि आधी उजव्या गुडघ्यामागे बोटं फिरवली. सुजलेली बोटं, पण फिरली ती पूर्वीसारखीच. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग तिने डावा पाय घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"हा तू केलास?"

"हो."

"आधी कसा होता?"

"बघितलं नाही."

"बघितलं नाही," ती म्हणाली. रागावून नव्हे. मला वाटतं, त्या क्षणी तिला स्वतःचाच तो नियम ऐकू आला असावा. थोड्या वेळाने म्हणाली, "इस्त्रीने क्रीज जाते, झीज जात नाही. रोज एकाच जागी मोडलं की तिथलं सूत पातळ होतं. खिडकीत धर."

मी पँट खिडकीत उन्हासमोर धरली. उजव्या गुडघ्यामागे पाच-सहा उजळ रेघा दिसल्या, केसाएवढ्या. डाव्या गुडघ्यामागे कापड दाट होतं, एकसारखं. एकही रेघ नाही.

"दिसतंय?"

"डाव्याला नाहीत आई."

"खिसा बघ. डावा."

डावा खिसा उजव्यापेक्षा सैल होता, आतलं अस्तर तळाशी ताणून जाळी झालेलं. मी काही बोलायच्या आत आईने हात पुढे केला, खिशात घातला आणि तो तिथेच ठेवून बसली. मग रडली. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच मी तिला रडताना बघितलं, आणि तेही फार वेळ नाही, कारण तिला श्वास पुरत नव्हता.

"उद्या जा," ती म्हणाली. "सकाळीच जा. मी चुकले असं नको सांगूस, ते मी सांगेन. फक्त आण."

त्या रात्री ती उजव्या कुशीवरच झोपली. मी मात्र जागीच होते, आणि खरं सांगायचं तर त्या अकरा महिन्यांत मी इतकी आनंदात कधीच नव्हते. म्हणूनच दुसऱ्या दिवसाबद्दल लिहायला माझा हात अजून मागे सरतो.

सकाळी मी लाँड्रीचा लांब सुती कोट स्वतः इस्त्री करून घातला. दादाने बघावं म्हणून. लॉज तीन मजली होतं, खाली एक टेबल आणि चाव्यांची फळी. मालक पेपर वाचत होता. मी म्हटलं, लाँड्रीतून आले, एका पँटचा घोळ झालाय, करडी, लोकरी.

"घोळ तुमचा, आणि सकाळी सकाळी त्रास मला," तो म्हणाला. पण पँटच्या पट्ट्यात शिवलेला चिंधीवरचा नंबर बघून त्याने हाक मारली, "सातवाले, खाली या."

वर दार उघडलं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. पावलं यायला लागली, आणि मी डोळे मिटून ऐकलं.

दोन्ही पाय सारखे वाजत होते.

एक उंच, हसतमुख माणूस दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत खाली आला. सिनेमाघरात दारवान होता. "जाळलीत की काय माझी पँट?"

मी पँट पुढे केली. त्याने माझ्या हातातून पँट घेतली, झटकली. "बरी आहे की. एकच पाय केलाय वाटतं."

"ही तुमची आहे?"

"दोन महिन्यांपूर्वी घेतली. जुन्या बाजारात. नोकरीला करडीच लागते ना." मग माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "का हो, चोरीची आहे का?"

तेव्हा मला कळलं. झीज दादाची होती. क्रीज या माणसाच्या होत्या. माणूस नवा असला तरी कापड जुन्याच जागी मोडतं, म्हणून उजव्या पायाच्या त्या पंख्यात दोघे एकावर एक बसले होते. पण डाव्या पायावर दादाचं काहीच नव्हतं, तिथे फक्त याच्या ताज्या क्रीज असणार. दोन-तीन, सगळ्यांना पडतात तशा. दोन महिन्यांत क्रीज पडते, झीज पडत नाही. मी फडका ठेवण्याआधी एकदा, फक्त एकदा खाली बघितलं असतं, तर डाव्या पायाने मला तिथल्या तिथे सांगितलं असतं की हा दादा नव्हे. मी पँट घरी नेली नसती. आईचा हात त्या खिशात गेला नसता.

दारवानाने मला दुकानाची खूण सांगितली आणि मी धावत सुटले. जुन्या बाजारात एक जाड चष्म्याची बाई कपड्यांच्या ढिगात बसली होती. शेजारी एक फळी, एक इस्त्री. माझा कोट बघून म्हणाली, "लाँड्रीवाले इकडे कसे? आमचं गिऱ्हाईक पळवायला?"

मी पँटचं वर्णन केलं, मग माणसाचं. खिशातल्या हाताचं सांगितलं तशी तिने चष्मा वर केला.

"तो ना. आठवतो की. विकायला आला आणि म्हणाला, अशी चुरगळलेली देणार नाही, इस्त्री द्या जरा. मी म्हटलं, घे बाबा, विकणारा स्वतः इस्त्री करून देतोय हे पहिल्यांदाच बघते. हात काय होता पण. ओला फडका मागितला. डावा पाय आधी केला, मग उजवा."

"डावा आधी?"

"डावाच. मी विचारलं, कुठे शिकलास? म्हणाला, घरचंच आहे."

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही. बोलणारा नव्हता. बंदराकडे निघालो म्हणाला, गरम मुलखात जातोय, लोकर काय करू. मागच्या गल्लीत राहायचा, छापखान्याच्या माडीवर. नऊ महिने तरी असेल. रोज इथून जायचा. कोण तुझा?"

छापखान्याच्या माडीवर आता दुसरं कुटुंब होतं. तिथल्या बाईने मला खोली दाखवली. कोपऱ्यात भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली होती, इस्त्रीच्या उंचीची. पत्ता कुणाकडेच नव्हता. मी बंदरावरही गेले. एका खिडकीतल्या माणसाने मला दोन महिन्यांत गेलेल्या बोटी बोटांवर मोजून दाखवल्या, आणि बोटं संपली तेव्हा खांदे उडवले.

परत चालताना मी वाट मोजली. छापखान्यापासून आमच्या जिन्यापर्यंत वीस मिनिटं. दादाच्या चालीने अर्धा तास धरा.

मी ठरवलं, खोटं सांगायचं. भेटला म्हणायचं. कामावर आहे, सुट्टी मिळाली की येतो म्हणाला. अशा दिवसांत सगळेच सांगतात, आणि ऐकणाऱ्यालाही ते हवं असतं. दार उघडून मी हसले आणि म्हटलं, "भेटला गं."

आई उजव्या कुशीवर होती. माझ्याकडे बघत राहिली. मग बोटाने खूण केली. "वळ."

"काय?"

"पाठ कर इकडे."

मी पाठमोरी झाले. खोलीत तिच्या श्वासाचा आवाज तेवढा होता.

"सकाळी निघालीस ती आत्ता दुपार झाली," ती म्हणाली. "कोटाला मागे बसल्याची एक क्रीज नाही. कुठेच टेकली नाहीस. तो भेटला असता तर त्याने आधी तुला बसवलं असतं."

मी खाटेच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. लॉज, दारवान, दोन-दोन पायऱ्या, जुन्या कपड्यांची बाई. इस्त्रीचा भाग आला तेव्हा तिने हात वर केला.

"डावा आधी?"

"हो."

"फडका ओला होता की नुसता दमट?"

"ते विचारलं नाही."

"विचारायला हवं होतंस." तिने डोळे मिटले. मला वाटलं, तिला थोडं बरं वाटतंय. शिकवलेलं त्याने टाकलं नाही, एवढं तरी. मग तिने विचारलं, "किती महिने म्हणाली ती?"

"नऊ."

"आणि किती लांब?"

मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"किती लांब?"

"वीस मिनिटं."

तिची नजर दाराकडे गेली. मी तिचा हात धरला, तो तिने काढून घेतला नाही, पण तो माझ्या हातात आहे हे तिच्या लक्षातही नसावं. शेवटी म्हणाली, "पाऊल टाकलं की गुडघा ओढतो त्याचा. प्रत्येक पावलाला. म्हणजे प्रत्येक पावलाला मी ऐकू येत असणार. कशाला येईल?"

"आई, तू रागात बोललीस. सगळे बोलतात."

"सगळ्यांनी त्याला गाठोड्यांवर झोपवलं नव्हतं."

मी तिच्या पायांवर पांघरूण ओढलं. ते वाक्य मला आजही ऐकू येतं, आणि मी आता तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे.

त्यानंतर ती तीन दिवस होती. बटणमावशी रोज सुट्टीत यायची आणि तिला हसवायचा प्रयत्न करायची. चर्रकाका आता स्वतःच्याच चहात बोट घालून बघतो म्हणून सांगायची. आई ओठ हलवायची, तेवढंच. ती भिंतीकडे तोंड करून पडेल असं मला वाटलं होतं, पण तिने कूस बदलली नाही. खुब्यावरची कातडी लाल झाली, सोलवटली. मी तिला दुसऱ्या कुशीवर वळवायला गेले की ती खाटेची कड धरून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याखालची चादर ओढून सारखी करायला लागले. रोजचंच काम, हात आपोआप गेला. तिने माझं मनगट धरलं. तिच्या अंगात तेवढा जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"राहू दे."

"टोचेल गं. क्रीज पडल्यात."

"म्हणूनच राहू दे." तिला दर दोन-तीन शब्दांनी थांबावं लागत होतं. "तो आला... मी नसताना आला... तर तू सांगशील, आई वाट बघत होती. त्याला ते... खोटं वाटेल. सगळेच सांगतात. पण चादर... त्याला वाचता येते."

मी चादर सोडली.

"मी कुठल्या कुशीवर होते... ते त्याला कळेल," ती म्हणाली. "तू हात लावू नकोस. कुणाला लावू देऊ नकोस."

शनिवारी दुपारी, जिन्यात कुणाचीच पावलं वाजत नसताना, ती गेली. तिला नेल्यावर बटणमावशी मागे थांबली होती. बाई कामसू, रिकामं बसवेना. तिने पाणी भरलं, भांडी लावली आणि मग खाटेपाशी जाऊन चादरीच्या दोन कोपऱ्यांना हात घातला. मी खोलीच्या त्या टोकापासून कशी पोचले मला आठवत नाही. मी तिच्या दोन्ही हातांवर माझे हात ठेवले.

"राहू दे मावशी."

तिने चादरीकडे नीट बघितलं. तीही त्याच लाँड्रीतली. पाठीच्या बाजूने निघून सगळ्या क्रीज एका दिशेला ओढल्या गेल्या होत्या, आणि खुब्याच्या जागी खोल खळगा होता. तिने हात काढून घेतले आणि पदराने तोंड झाकलं.

चादर मी तशीच ठेवली. सात महिने मी जमिनीवर झोपत होते. जिन्यात पाऊल वाजलं की माझा श्वास थांबायचा. कामावर मी पँट हातात घेतली की आधी बघायचे, दोन्ही पाय, मग फडका. साठ नगांचे पन्नास झाले. चर्रकाका एकदा टेबलापाशी आला आणि म्हणाला, "तुझ्या आईचा नियम विसरलीस वाटतं." मी म्हटलं, विसरले. तो पुन्हा कधी बोलला नाही.

मग ती इमारत पाडायला काढली आणि खोली सोडावी लागली. खाट जिन्यातून उतरवायची तर वरची चादर काढावीच लागणार होती. पेटीत ठेवायची तर घडी घालावी लागणार होती, आणि घडी घातली की आपली क्रीज पडते. मी त्या सकाळी खाटेपाशी उभी राहून खूप वेळ बघितलं. डोळे आधी. एकेक रेघ कुठून निघते आणि कुठे जाते ते बघितलं. सगळ्या दाराकडे जात होत्या. मग मी तिची घडी घातली, हलक्या हाताने, दाबली नाही.

ती पेटी आज माझ्या खाटेखाली आहे. दादा असेल तर नव्वदीला आला असेल. पेटी मी उघडत नाही. आत आईच्या क्रीज कुठल्या आणि माझ्या घडीच्या कुठल्या, हे मला आता सांगता येणार नाही. त्याला येईल.